उकिरडा किती कोंबड्या पोसतो?

परसात कोंबड्या पाळायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती घ्यायच्या? उत्तर बहुतेक वेळा खिशाकडे बघून दिलं जातं. पाच हजार आहेत, मग शंभर पिल्लं येतील. कर्ज मिळतंय, मग पाचशेचं शेड टाकू. माझ्या मते हा आकडा खिशाला विचारायचाच नाही. तो उकिरड्याला विचारायचा. गोठ्यात जनावरं किती, खळ्यावर दाणा किती सांडतो, बांधावर सावली आहे का, मोरीचं पाणी कुठं जिरतं, यावरून तो ठरतो. परसातल्या कोंबडीचा नफा तिनं फुकट वेचून खाल्लेल्या दाण्यात आणि किड्यात असतो. तो वाटा संपला की कोंबडी परसात फिरत असली तरी हिशेबानं ती पोल्ट्रीचीच झाली, आणि मोठ्या पोल्ट्रीशी आपली बरोबरी होणार नाही.

हे मोजायची सोपी खूण आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेकीला हातात घ्यायचं आणि गळ्याखाली, छातीच्या जरा उजव्या अंगाला बोटं लावायची. तिथं तिची दाण्याची पिशवी असते. दिवसभर फिरून आलेल्या कोंबडीची ही पिशवी भरलेली, लिंबाएवढी घट्ट आणि आत कणकण लागणारी असली पाहिजे. त्या दिवशी संध्याकाळचा दाणा टाकलेला नसावा, नाहीतर तोच हाताला लागतो. चार कोंबड्यांची पिशवी भरलेली आणि चारांची ढिली, रिकामी लागली, तर परसाचं पोट भरलं असं समजायचं. आणखी पिल्लं आणायची नाहीत. दोन जनावरांचा गोठा, उकिरडा, शेवग्याची दोन झाडं आणि भोवती दोन-तीन गुंठे मोकळी जागा असली, तर आपल्या सातारा-सांगलीत कराड, वाळवा, पलूस या बागायती बाजूला बारा ते पंधरा कोंबड्या सुखानं पोसतात. माण, आटपाडी, जतकडे ज्वारी-बाजरीचा सांडलेला दाणा मिळतो, पण किडामुंगी कमी. तिथं आठ-दहावर थांबलेलं बरं.

आता रुपयात बघू. भाव गावागणिक वेगळे, म्हणून हिशेबापुरते धरतो: तयार लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीचं, ३२ रुपये किलो, घरची कणी-मका-ज्वारी २५ रुपये, तपकिरी अंडं १० रुपये. कोंडून ठेवलेली कोंबडी दिवसाला १२० ग्रॅम खाते, म्हणजे महिन्याला ११५ रुपयांचं. चांगल्या सुधारित जातीची असेल तर महिन्याला १४ अंडी, १४० रुपये. उरले २५. तीच कोंबडी परसात फिरली तर वरून ५० ग्रॅम दाणा पुरतो, महिन्याला साधारण ३८ रुपयांचा. उरले १००. म्हणजे फिरत्या बारा कोंबड्या महिन्याला जेवढं हातात ठेवतात, तेवढंच ठेवायला कोंडलेल्या पन्नास लागतात. शिवाय त्या पन्नासांची विष्ठा, वास, पाणी आणि मर आपल्या अंगावर. बारावरून पन्नासवर जाणारा माणूस चौपट पैसा धरून चाललेला असतो. हातात येतं तेवढंच, कष्ट मात्र चौपट होतात.

जातीबद्दल फार बोललं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. ती खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून अंड्यांवर बसून राहते, पिल्लं काढते, घारीची सावली पडली की पिल्लांना पंखाखाली घेते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया परसात दीडशेच्या वर अंडी देते. तिथलीच वनराजा आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज यांच्या अंगावर मांसही बऱ्यापैकी येतं. पण या सुधारित कोंबड्या क्वचितच खुडूक होतात. त्यांच्याच अंड्यातून पिल्लं काढली, तर पुढच्या पिढीत तो गुण टिकत नाही, एक पिल्लू आईसारखं तर दुसरं भलतंच निघतं. म्हणून ही पिल्लं दर वेळी उबवणी केंद्रातून आणावी लागतात. पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आपल्याला कोल्हापुरात जवळ पडतं. गावोगाव मोटारसायकलवर डालग्यातून रंगवलेली पिल्लं विकायला येतात, ती घेऊ नयेत. ती बहुतेक अंड्याच्या जातीचे नर असतात. अंडं देणार नाहीत आणि अंगावर मांसही धरणार नाहीत.

मला पटलेली मांडणी अशी: नऊ ग्रामप्रिया किंवा तशा कोंबड्या अंड्याला आणि तीन गावरान कोंबड्या आई म्हणून. आठ-दहा माद्यांना एक, या हिशेबानं एक-दोन गावरान कोंबडे. गावरान कोंबडी अंडी कमी देते म्हणून तिला काढून टाकणारी घरं पुढं बल्बच्या आणि लाइटच्या भरवशावर पिल्लं वाढवत बसतात. रात्री दोनला लाइट गेली की सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा ढीग सापडतो, खालची गुदमरलेली, वरची गारठलेली. खुडूक कोंबडीला लाइट लागत नाही. आणलेली एक दिवसाची पिल्लंसुद्धा ती वाढवते. ती आठवडाभर अंड्यांवर बसलेली असली पाहिजे, पिल्लं दिवस-दोन दिवसांचीच असली पाहिजेत, आणि अंधार पडल्यावर तिच्या पोटाखालचं एक अंडं काढून एक पिल्लू सरकवायचं. दिवसा केलं तर टोच मारते. सकाळपर्यंत तिला ती आपलीच वाटतात. मोठ्या अंगाची कोंबडी पंधरापर्यंत पिल्लं झाकते.

अंड्यावर बसवणं हे या धंद्यातलं खरं कसब आहे, आणि पैसाही इथंच आहे. बारा गावरान अंडी १२ रुपयांनी विकली तर १४४ रुपये. तीच उबवली तर आठ-नऊ पिल्लं निघतात. सहा जगली, पाच-साडेपाच महिन्यांनी ४५० रुपयांनी गेली, तर २७०० रुपये. पिल्लामागे सव्वाशे-दीडशेचं खाद्य आणि लस धरली तरी अठराशेच्या आसपास उरतात. दोनच जगली तर ९०० मधून खर्च जाऊन पाचशे, आणि त्यातही कोंबडी तीन महिने अंड्याला बंद. म्हणजे सगळा फरक नऊतली किती जगली एवढ्यावर. आणि मरणारी बहुतेक पहिल्या चार आठवड्यांत मरतात.

उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, फार तर दहा. अंडं उचललं की पेन्सिलीनं तारीख घालायची. ज्वारीच्या डब्यात अंडी ठेवायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, तिथं गारवा एकसारखा राहतो. फक्त निमुळतं टोक खाली हवं. मातीची जुनी पाटी किंवा डालगं घेऊन तळाला ओंजळभर राख आणि कोरडी माती, वर कडुनिंबाचा पाला आणि मऊ गवत घालायचं. कोंबडी रवणीला बसवायची ती अंधाऱ्या, माणसांचा वावर नसलेल्या कोपऱ्यात आणि संध्याकाळी. रोज एकदा ती उठते. तेव्हा मुठभर अख्खा दाणा आणि पाणी समोर असावं, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत ती परत बसते. दाण्यासाठी लांब हिंडावं लागलं तर अंडी थंड पडतात. सातव्या रात्री मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघायचं. आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडं कोरं, काढून टाकायचं. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आणि मागं राहिलेल्या एका अंड्यासाठी कवच सोलून मदत करायचा मोह होतो, तो आवरायचा. आतली शीर सुकलेली नसते, रक्त जातं आणि पिल्लू मरतं.

पहिले सहा आठवडे तयार खाद्यच द्यावं. पिल्लामागे सहा आठवड्यांत दीड किलोच्या आसपास लागतं, वीस पिल्लांना तीस किलो. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिल्लं वरून बरी दिसतात, पण प्रथिनं कमी पडल्यानं पिसं नीट येत नाहीत. मग ती एकमेकांची शेपटी टोचून रक्त काढतात. जोडीला वाळवी मिळाली तर सोनं. फुटक्या मडक्यात ओलं शेण, उसाचं पाचट आणि पोत्याचा तुकडा कोंबून ते संध्याकाळी वारुळाजवळ किंवा बांधावर पालथं घालायचं. सकाळी वाळवी भरलेली असते, पिल्लं तुटून पडतात. पाण्याचं भांडं विटेवर ठेवावं, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. जमिनीवर ठेवलेलं पाणी सांडतं, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं आणि ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंख पाडून, डोळे मिटून बसलेलं पिल्लू आणि खाली विटकरी विष्ठा दिसली की तूस त्याच दिवशी बदलायचं आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून औषध पाण्यातून सुरू करायचं. उद्यावर ढकललं तर चार पिल्लं जातात.

कोंबडी नसेल आणि बल्बच वापरायचा असेल तर पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या गोल कड्यात पंचवीस-तीस पिल्लांना साठ वॅटचा पिवळा बल्ब, जमिनीपासून दीड फुटावर. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उष्णता, एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय. कडं गोलच हवं. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात ती चेंगरतात.

रात्रीच्या निवाऱ्यात काटकसर करू नये. कोंबडीमागे दीड चौरस फूट जागा आणि बसायला आठ इंच दांडी लागते. खुराडं जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, खांबांवर. बाजारात कोंबड्यांची म्हणून मोठ्या भोकांची जाळी मिळते, तिच्यावर जाऊ नका. तिच्यातून मांजर पंजा घालून मान ओढतं, धामण शिरते. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्यावी. मुंगसाला दाराखालची दोन बोटांची फट पुरते, आणि ते एका फेरीत पोटापुरतं मारून थांबत नाही. शिराळा, पाटण, कराडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथं खुराडं घराच्या भिंतीला लागूनच हवं. पाटण-जावळीच्या पावसात छपराची पागोळी तीन फूट बाहेर काढावी आणि तुसात अधूनमधून चुन्याची भुकटी मिसळून ते हलवावं. सकाळी दार उघडल्यावर नाकाला झोंबलं तर कोंबड्यांनी रात्रभर तेच हुंगलंय. लाकडाच्या फटीत गोचीड दडतात, दिवसा दिसत नाहीत आणि रात्री रक्त पितात. अंडी अचानक घटली आणि तुरे फिके पडले तर रात्री बॅटरी घेऊन फटी बघाव्यात. कोपऱ्यात राखेचं घमेलं ठेवलं की अंगावरच्या उवांचा बंदोबस्त कोंबड्या स्वतःच करतात.

उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे दुपारी दाणा टाकूच नये. पचनाची उष्णता आणि वरचं ऊन मिळून कोंबडी धापा टाकून मरते. दाणा सकाळी लवकर आणि सांजेला. एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी मे महिन्यात दुप्पट पिते. म्हणून सावलीत दोन-तीन ठिकाणी मातीची भांडी भरलेली असावीत.

आपल्या भागातला आणखी एक धोका. उसात आणि भाजीत टाकलेली दाणेदार कीटकनाशकं कोंबडी खडे समजून वेचते. पोटात दाणा दळण्यासाठी तिला खडे लागतातच. तशीच औषध लावलेली, गुलाबी रंगाची पेरणीची मका आणि सोयाबीन. पेरणी आणि लागणीच्या आठवड्यात कोंबड्या कोंडलेल्या बऱ्या.

आता मानमोडी. राणीखेत म्हणतात ती हीच. हिरवट-पांढरी हगवण, घरघर, चोच उघडून श्वास, नंतर मान पिळवटून मागं जाणं, आणि चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं. यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस, अर्धा मिली, टोचून. आर-टू-बी लहान पिल्लांना आणि अंडी देत असलेल्या कोंबड्यांना देऊ नये. पिल्लांना ती सोसत नाही, कोंबड्यांची अंडी घटतात. लस शंभर-दोनशे मात्रांच्या बाटलीत येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत वापरावी लागते. बारा कोंबड्यांसाठी बाटली फोडायला जीव होत नाही, आणि इथंच बहुतेक घरं लस टाळतात. उपाय गल्लीचा आहे. दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवायचा, एकानं थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची आणि सकाळी खुराडी उघडण्याआधी गल्ली पुरी करायची. यात दुसरा फायदाही आहे. शेजारच्या बिनलसीच्या कोंबड्यांपासून आपल्याला धोका असतोच, तो जातो. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी चालत नाही, लस मरते. विहिरीचं पाणी घ्यावं, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालावी आणि आधी तासभर कोंबड्यांना पाणी देऊ नये.

लस देऊनही मानमोडी घरात येते ती बहुधा बाजाराच्या पाटीतून. आठवडी बाजारात दोन कोंबडे नेले, एक विकला, एक परत आला. दिवसभर तो पंचवीस गावांच्या कोंबड्यांशेजारी पाय बांधून पडलेला होता. संध्याकाळी तो थेट खुराड्यात सोडला जातो. हा एक कोंबडा अख्ख्या कळपाच्या जिवावर उठू शकतो. परत आलेला किंवा नवा घेतलेला पक्षी पंधरा ते एकवीस दिवस वेगळा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेगळ्या भांड्यावर ठेवावा. त्याहून चांगलं म्हणजे बाजारातून परत आणूच नये, पन्नास रुपये कमी घेऊन विकून यावं. त्या पन्नास रुपयांत बाकीचा कळप वाचतो. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. दोन-तीन फूट खड्डा, वर चुना.

विक्रीचं वेळापत्रक आपल्याकडे पंचांगात लिहिलेलं असतं. आखाडात प्रत्येक घरात कोंबडं शिजतं, गटारीला तर मागणी शिगेला जाते, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की बाजार झोपतो. तो गणपती, पितृपक्ष, नवरात्र ओलांडून दसऱ्यानंतरच नीट उठतो. गटारीला न विकलेला कोंबडा पुढचे दोन-अडीच महिने नुसता खातो. म्हणून उलटं मोजायचं. गावरान कोंबडा भरायला पाच-साडेपाच महिने लागतात. जुलैच्या मध्याला तो विक्रीला हवा, तर पिल्लू फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघायला हवं आणि अंडी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोंबडीखाली जायला हवीत. म्हणजे संक्रांतीला. हा काळ सगळ्याच बाजूंनी सोयीचा आहे. पाऊस नाही, त्यामुळे रक्ती हगवण कमी. पिल्लं महिन्याची होतात तेव्हा रब्बी ज्वारीची मळणी सुरू होते आणि खळ्यावर दाणा सांडतो. मेचं ऊन तापेपर्यंत त्यांना पिसं आलेली असतात. त्यातल्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, पावसाळ्यात अंड्यावर येतात. जून-जुलैत अंड्यांवर बसवलेली कोंबडी मात्र पिल्लं चिखलात गमावते. वैशाखातल्या गावजत्रेसाठी दुसरा लॉट काढायचा तर तो दिवाळीच्या सुमारास बसवावा.

बाजारात कोंबडा नगावर जातो तसा किलोवरही जातो. व्यापारी पाय धरून उचलतो, अंगठ्यानं छातीचं हाड चाचपतो. हाड सुरीसारखं लागलं तर तो भाव पाडतो, दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असलं तर बोलत नाही, नुसता पुढं सरकतो.

"काय घेणार मावशी?"

"साडेपाचशे."

"चारशे देतो बघा, रोख."

"घरनं वजन करून आणलाय. पावणेदोन किलो भरतोय. किलोचा भाव काय चाललाय ते तू सांग."

घरून वजन करून नेणारी बाई क्वचितच फसते. लटकवायचा वजनकाटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच बाजारात वसूल होतो.

अंड्यांचा व्यवहार वेगळा, तिथं सातत्य विकलं जातं. सातारा, कराड, सांगली, मिरजेत गावठी अंड्याला गिऱ्हाईक आहे, पण त्याला दर रविवारी ठरलेली अंडी हवी असतात. एका रविवारी साठ आणि पुढच्या दोन रविवारी काहीच नाही, हे चालत नाही. म्हणून गिऱ्हाइकांची पाचच घरं बांधून घ्यावीत आणि ती चुकवू नयेत. ग्रामप्रियाचं तपकिरी अंडं गावरान म्हणून विकू नये. परसात फिरलेल्या कोंबडीचं आहे, हे सांगून दहाला विकता येतं. खोटं बोलून बाराला विकलेलं अंडं एखाद्या आजीच्या हातात पडलं की ती आकारावरून ओळखते, आणि तो बोभाटा गल्लीभर होतो. अंडी धुऊ नयेत. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतू आत जातात. माती असेल तर कोरड्या फडक्यानं पुसावी. उन्हाळ्यात खायच्या अंड्यांसाठी कोंबडा वेगळा ठेवावा आणि अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. फळलेलं अंडं उष्ण खोलीत वाढायला लागतं, आणि गिऱ्हाइकाला आत रक्ताची रेघ दिसली की ते परत येत नाही.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते दाण्यातून येत नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या करवंटीत कायम ठेवावा, लागेल तशी कोंबडी खाते. घरची अंड्याची टरफलं द्यायची तर भाजून, बारीक कुटून. अख्खी टाकली की तिला अंडं खायची खोड लागते, आणि ती मोडता मोडत नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, सुधारित कोंबडीला भरपूर अंड्यासाठी चौदा तास उजेड लागतो. खुराड्यात पहाटे चारला छोटा एलईडी लावला तर फरक पडतो. संध्याकाळी वाढवू नये. दिवा अचानक गेला की त्या दांडीवर चढायच्या राहतात.

या सगळ्याचं वर्षाचं गणित. नऊ सुधारित कोंबड्यांची १३५० अंडी, १३,५०० रुपये. तीन गावरान कोंबड्यांनी संक्रांतीला काढून जगवलेले अठरा पक्षी, ८१०० रुपये. एकूण २१,६००. मोठ्यांचा दाणा ६४००, पिल्लांचं खाद्य आणि दाणा ३२००, लस-औषध ६००, सुधारित कोंबड्या दीड-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात त्यासाठी वर्षाला २००० बाजूला. जातात १२,२००. हातात नऊ-साडेनऊ हजार, महिन्याला आठशेच्या आत-बाहेर. खुराड्याचा पहिला खर्च वेगळा, तो पहिल्या वर्षात फिटतो. खताचं तूस हळदीला किंवा परसबागेला जातं, कुजवून, ताजं नाही, ते हिशेबात धरलेलं नाही. आठशे रुपये हे छोटे पैसे नव्हेत. ते ऊसबिलासारखे वर्षातून एकदा, घरधन्याच्या खात्यावर येत नाहीत. आठवड्याला दोनशे, रोख, कोंबड्या बघणाऱ्या बाईच्या हातात येतात. त्यातून वह्या येतात, गॅस येतो, माहेरी जायचं भाडं निघतं. मला या धंद्याबद्दल जिव्हाळा आहे तो यासाठी.

म्हणूनच याच परसावर टाकलेल्या जाळ्याचा राग येतो. २०१९ साली इस्लामपूर भागातून कडकनाथचं प्रकरण उघडकीस आलं. महाराष्ट्रभरच्या हजारो शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात, चांगली आणि काटक. २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. दोष कोंबडीचा नव्हता. महाग पिल्लं विकायची आणि अंडी भरमसाट भावानं परत घेऊ म्हणायचं, ही ती योजना. परत घेतलेली अंडी पुन्हा पिल्लं काढायला आणि ती पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकायला. शेवटी खाणारं गिऱ्हाईक कुठंच नाही. नवे शेतकरी यायचे थांबले की साखळी तुटते. कुठलीही योजना पुढं आली की एवढंच विचारावं: हे अंडं या भावानं तव्यावर फोडणारा माणूस कोण? त्याचं गाव आणि दुकान दाखवता आलं नाही तर पैसे काढायचे नाहीत.

हिशेबाची वही शंभर पानी पुरते. डाव्या पानावर रोजची अंडी आणि विक्री, उजव्या पानावर खाद्य, औषध, मर. मरीपुढं कारणही लिहावं: मुंगूस, हगवण, ऊन. वर्षानं ते पान वाचलं की खुराड्याची कुठली बाजू आधी दुरुस्त करायची ते कळतं.

आणि सहा महिन्यांतून एकदा, रात्री, प्रत्येक कोंबडी तपासायची. बारातल्या दोन-तीन खातात आणि देत नाहीत, दिवसा फिरताना त्या ओळखू येत नाहीत. अंधारात दांडीवरून उचलली की कोंबडी शांत असते. तिला डाव्या काखेत उलट्या तोंडानं धरायचं, आणि शेपटीखाली दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडं लागतात त्यांच्यामध्ये उजव्या हाताची बोटं आडवी ठेवायची. दोन-तीन बोटं बसली, हाडं लवचीक लागली, गुदद्वार ओलसर आणि रुंद असलं, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं बसलं, तुरा बारीक आणि खवलेदार असला आणि पाय मात्र पिवळेधमक असले, तर ती अंडी देत नाही. अंडी देणारीच्या पायाचा पिवळेपणा बलकात उतरत जातो. पिसं झडण्याचा काळ असेल तर तिला दीड महिना द्यावा. खुडूक असेल तर तिच्याखाली अंडी घालावीत. दोन्ही नसेल तर पायात लाल दोरा बांधून ठेवावा. पुढच्या बाजाराला तीच पहिली पाटीत जाते.